जावे की राहावे, आणि कुठे?

परदेशी जाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "इथे काय ठेवले आहे? संधी आली तर निघावे." दुसरा म्हणतो, "पळसाला पाने तीनच; कुठेही गेलात तरी कष्ट चुकत नाहीत." दोघांचेही म्हणणे खोटे नाही, पण विचारणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. मुलाने जावे का, जायचे तर कोणत्या देशात, आणि तिथे जमले नाही तर परतीची वाट मोकळी राहील का, हे त्याला हवे असते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांतून हा प्रश्न आता नित्याचा झाला आहे. मुरबाड-शहापूरकडच्या खेड्यांतही तो पोचला आहे. आणि गावात असा प्रश्न पडला की माणसे सल्ल्याला जातात ती शाळेतल्या गुरुजींकडे नाहीतर बाईंकडे. म्हणून आजचे हे बोलणे विशेषेकरून शिक्षकांसाठी.

कोरडा उपदेश करण्याऐवजी एक घडलेली हकीकत सांगतो. आपल्याच मुलखातल्या, आपलीच भाषा बोलणाऱ्या एका अख्ख्या समाजापुढे हा प्रश्न उभा राहिला होता. त्यांनी काय केले आणि त्यांना काय अनुभव आला, हे पाहिले की आपला हिशेब मांडणे सोपे जाईल.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ १८७९ साली उभारलेले एक प्रार्थनामंदिर आहे. त्याचे नाव 'शार हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. हे बेने इस्राएलांचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांचे मंदिर. त्यांची परंपरा सांगते की, फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा हा वंश. कोकणात ते तेलाचा घाणा चालवीत. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव ठेवले 'शनवार तेली'. आडनावे पाहा: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. कुणाला परके वाटावे असे त्यांत काय आहे? पुढे ही मंडळी मुंबईला आली. १७९६ साली त्यांनी तिथे आपले पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कुणी पलटणीत गेले, कुणी रेल्वेत, कुणी कचेऱ्यांतून कारकुनी करू लागले.

आता आपला मुद्दा. १९४८ साली इस्रायल हे राज्य स्थापन झाले. १९५० साली त्या राज्याने कायदा केला की, जगातल्या कोणत्याही ज्यू माणसाने यावे, त्याला नागरिकत्व मिळेल. त्या सुमारास बेने इस्राएलांची वस्ती होती सुमारे वीस हजार. इथे त्यांना कुणी छळले नव्हते, हाकलून दिले नव्हते. म्हणजे पाठीमागे आग लागली आहे म्हणून पळायचे, असा प्रकार नव्हता. तरी घरोघरी प्रश्न उभा राहिला. म्हाताऱ्यांच्या मनात धर्माची ओढ होती. इंग्रज गेल्यावर कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांचे काय होणार, ही कर्त्या माणसांची चिंता होती. तरुणांना नव्या देशाचे आकर्षण होते. एकाच घरात तिघांची तीन कारणे!

पुष्कळ लोक गेले. तिथे उतरल्यावर काय झाले? कायद्याने दार उघडले होते, पण दारातून आत गेल्यावर भाषा निराळी, हवा निराळी, काम निराळे. मुंबईत लेखणी चालवणाऱ्या माणसाला इमारतीच्या कामावर नाहीतर कारखान्यात उभे राहावे लागले. अनेकांना बीरशेबासारख्या वाळवंटाकाठच्या गावांत घरे मिळाली. पुढे दिमोना, अश्दोद, लोद अशा ठिकाणी त्यांच्या मोठ्या वस्त्या झाल्या. शिवाय रंगावरून आपल्याला कमी लेखले जाते, ही तक्रार होतीच. १९५१-५२ साली काही कुटुंबांनी तेल अवीव शहरात ज्यू एजन्सीच्या कचेरीपुढे धरणे धरले. मागणी एकच: आम्हाला भारतात परत पाठवा. अखेर त्यांना विमानाने मुंबईला पोचवण्यात आले. गंमत अशी की, त्यांतले बरेच जण काही काळाने पुन्हा इस्रायलला गेले. इथला आधार सुटला होता आणि तिथला अजून लागला नव्हता. अशा मधल्या अवस्थेत माणसाचे फार हाल होतात.

याहून मोठा घाव पुढे बसला. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढल्या की, बेने इस्राएल वधू-वराचे लग्न इतरांशी लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्या धर्मासाठी घरदार सोडले, त्याच धर्माचे लोक विचारू लागले, "तुम्ही नक्की आमच्यातले ना?" समाज चिडून उठला. जेरुसलेममध्ये मोठी निदर्शने झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. त्यानंतर त्या सूचना बदलण्यात आल्या. म्हणजे पहिली माणसे गेली त्याला पंधरा-सोळा वर्षे झाली, तेव्हा कुठे त्यांना बरोबरीचे स्थान मिळाले.

मग जाणे चुकले म्हणायचे काय? तसेही नाही. आज बेने इस्राएलांची संख्या भारतापेक्षा इस्रायलमध्ये कितीतरी पट अधिक आहे. त्यांची मुले-नातवंडे तिथे शिकली, स्थिरावली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे काढले. इकडे मागे राहिलेल्यांचेही वाईट झाले नाही. मुंबईतली कितीतरी कुटुंबे ठाण्याला येऊन राहिली. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. पण २०११ च्या शिरगणतीत साऱ्या भारतात ज्यू लोक उरले होते साडेचार हजारांच्या आसपास. सणाला माणसे जमवणे, मुलामुलींची लग्ने जुळवणे अवघड होत गेले. जाणाऱ्यांनी किंमत मोजली, तशी राहणाऱ्यांनीही मोजली. परदेशाचा निर्णय असाच असतो. दोन्ही बाजूंना काही मिळते आणि काही जाते. काय जाणार हे आधी ओळखून ठेवावे.

या हकीकतीवरून मला चार प्रश्न सुचतात. जाणाऱ्याने ते कागदावर लिहावेत आणि घरातल्या सगळ्यांसमोर त्यांची उत्तरे द्यावीत.

पहिला प्रश्न: कारण कोणाचे? मुलाला शिकायचे आहे, बापाला कर्ज फेडायचे आहे, की शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून आपला जायला हवा? कारणे तीन असली तर तीनही बोलून दाखवावीत. न बोललेले कारण पुढे भांडणाला कारण होते.

दुसरा प्रश्न: तिथे माझे काम काय असेल? इथली पदवी तिथे चालेलच असे नाही. डॉक्टर आणि नर्स यांना बहुतेक देशांत तिथल्या परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. गवंडी, सुतार, वायरमन यांनाही त्यांच्या कसबाचा दाखला विचारतात. लेखणी सोडून पाटी उचलायची तयारी आहे का, हे निघण्याआधी ठरवावे.

तिसरा प्रश्न: तिथे मी कोण म्हणून राहणार? 'कुठे जावे' याचे उत्तर बरेचसे इथे दडलेले आहे. आखाती देशांत कमाई चांगली होते, पण तिथले राहणे नोकरीशी बांधलेले असते. नोकरी संपली की परतायचे; तिथले नागरिकत्व परक्याला सहसा मिळत नाही. कर्ज फेडून, घर बांधून परत यायचे असेल त्याला हा मार्ग ठीक. कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारखे देश वय, शिक्षण, इंग्रजी आणि अनुभव यांचे गुण मोजून कायमच्या वस्तीची परवानगी देतात. ज्याला बिऱ्हाडच हलवायचे आहे, त्याने तिकडे पाहावे. पाच वर्षांचे जाणे आणि जन्माचे जाणे यांचा हिशेब एका वहीत मांडू नये.

चौथा प्रश्न: परतीची वाट कशी ठेवणार? आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे आपोआप संपते. २००५ सालापासून अशा लोकांना 'ओसीआय' कार्ड मिळू शकते. त्यावर येता-जाता येते, राहता येते. पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन मात्र ठेवता येते. शेतकऱ्याच्या घरात हा मुद्दा फार मोलाचा आहे. म्हणून मुलाच्या जाण्यासाठी जमीन विकायचा विचार असेल तर दहादा विचार करावा. गेलेली जमीन पुन्हा घ्यायचा हक्क त्याच्यापाशी उरेलच असे नाही.

आता थोडे कायद्याविषयी. १८३४ पासून आपल्या देशातून मजूर करारावर मॉरिशसला जाऊ लागले. रत्नागिरीकडची माणसेही त्यांत होती. इंग्रजी 'ॲग्रीमेंट'चा लोकांच्या तोंडी झाला 'गिरमिट'. वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा उठवायचा आणि पाच-पाच वर्षे उसाच्या मळ्यात राबायचे. तसली फसवणूक टळावी म्हणून आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा झाला. त्याप्रमाणे, दहावी न झालेल्या माणसाला आखाती व इतर काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्या अधिकाऱ्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणतात, आणि त्यांची कचेरी मुंबईत आहे. ही मंजुरी म्हणजे कटकट आहे असे एजंट सांगतो. खरे तर ती कामगाराची ढाल आहे, कारण त्या निमित्ताने नोकरीचा करार सरकारदरबारी तपासला जातो.

एजंटाकडे परवाना आहे का, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. गावातल्या ज्या मुलाला मोबाइल चालवता येतो, तो पाच मिनिटांत पाहून देईल. परवानाधारक एजंटाने कामगाराकडून घ्यायच्या फीला तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, एवढी मर्यादा घातलेली आहे. लाख-दोन लाख मागणारा भेटला, किंवा "आधी पाहुणा म्हणून व्हिसावर जा, कामाचे मागाहून बघू" असे कुणी म्हणाला, तर तिथेच थांबावे. पाहुण्याच्या व्हिसावर काम करणारा माणूस तिथल्या कायद्याने गुन्हेगार ठरतो, आणि मग मालक पगार बुडवो की मारझोड करो, दाद मागायला त्याला तोंड उरत नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या नकला घरी ठेवाव्यात. करारात पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट यांचा उल्लेख आहे की नाही, हे कुणाकडून तरी वाचून घ्यावे.

इथे शिक्षकाचे काम येते. 'जा' किंवा 'जाऊ नको' असे सांगण्याचा अधिकार आपला नाही. तो त्या घराचा आहे. पण करार वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगणे, एजंटाचे नाव तपासून देणे, आणि ते चार प्रश्न सगळ्या घरासमोर मांडणे एवढे आपण खचितच करू शकतो. त्या वेळी आईला आणि सुनेलाही बसवून घ्यावे. जाणारा एक असतो, पण त्याच्या मागे घर, गुरेढोरे, म्हातारी माणसे आणि कर्जाचे हप्ते सांभाळायचे असतात ते बहुधा त्यांनाच. त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय तिकिटाचे पैसे भरू नयेत.