अंदाज चुकला तर शास्त्रज्ञांवर केस होते का?


पेरणीनंतर पावसानं दडी मारली म्हणून २०१७ मध्ये माजलगाव (जि. बीड) तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. इटलीत २००९ च्या ला'क्विला भूकंपानंतर सहा शास्त्रज्ञांना शिक्षा झाली; २०१४ मध्ये अपिलात सगळे सुटले.

अंदाज म्हणजे शक्यता, हमी नव्हे. "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे फार तर २५ टक्के ठिकाणी. आपल्या शिवारात थेंब पडला नाही, तरी अंदाज खरा असू शकतो.

म्हणून 'तुरळक' वाचलं तरी काढलेला कांदा झाकाच. नुकसान झालं तर लगेच फोटो काढा, तलाठी व कृषी सहाय्यकांना कळवून पंचनामा करून घ्या. सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते, पोलिस तक्रारीवर नाही.