पालापाचोळा कुजेनासा झाला तेव्हा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पामर्टन गावी १८९८ पासून जस्त गाळले जात होते. १९८० मध्ये भट्ट्या थांबल्या, तोवर शेजारच्या ब्लू माउंटनचा उतार उघडाबोडका झाला होता. जवळच्या जंगलात तर पाने गळायची, साचायची आणि वर्षानुवर्षे तशीच पडून राहायची. कारखान्याच्या किलोमीटरभर परिसरात या पाल्याच्या थरात ५ ते ८ टक्के जस्त आढळले, शिवाय कॅडमियम आणि शिसेही. पाला कुजवणारे जीवच तिथे कमी पडले होते.

अशा जमिनीची तब्येत पाहताना फक्त धातू मोजून भागत नाही. तीव्र आम्लात माती उकळली की खनिजात घट्ट अडकलेला धातूही आकड्यात येतो. मुळांना आणि गांडुळांना बाधतो तो पाण्यात सहज उतरणारा अंश, आणि तो मातीच्या आम्लतेवर फार अवलंबून असतो. चुना टाकला की हा अंश घटतो, एकूण धातू मात्र तेवढाच राहतो.

म्हणून शास्त्रज्ञ मातीतल्या जिवांनाच साक्षीला बोलावतात. प्लॅस्टिकची एक अरुंद पट्टी, तिला ओळीने १६ बारीक भोके. प्रत्येक भोकात सेल्युलोज, गव्हाचा कोंडा आणि थोडा कोळसा यांचा लगदा दाबून भरतात. अशा पट्ट्या जमिनीत उभ्या खोचायच्या, एक-दोन आठवड्यांनी उपसायच्या आणि उजेडासमोर धरून जिवांनी किती भोके खाऊन रिकामी केली ते मोजायचे. इतकी स्वस्त, इतकी थेट चाचणी आणखी सापडणे अवघड. गांडुळांची परीक्षाही तशीच साधी. डब्याच्या एका अर्ध्यात संशयित माती, दुसऱ्यात चांगली, मध्ये गांडुळे. ४८ तासांनी ती कुठे सरकली ते पाहायचे.

आपल्याकडच्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त असते, पण ते पिकाला कमी पडते का, एवढेच पाहण्यासाठी. शिसे, कॅडमियम पत्रिकेतल्या १२ घटकांत नाहीत. खाणीजवळच्या शेतकऱ्याने एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

हिरवळीवरही विसंबू नये. वेल्समधल्या जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर धातू सोसणारे गवत आपोआप निपजले. लिव्हरपूलचे वनस्पतिशास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांच्या अभ्यासातून त्याची ‘मर्लिन’, ‘गॉगिनान’ अशी वाणे आली आणि उजाड ढिगारे झाकले गेले. धूळ उडायची थांबली, हा मोठाच फायदा. पण अशा गवताखाली वाळलेल्या पात्यांचा थर न कुजता साचतो, असेही वेल्समध्येच दिसले. त्यामुळे गवत उगवल्यानंतरही पट्ट्या पुन्हा खोचाव्या लागतात.