दौत, लेखणी आणि दिल्लीहून धाडलेले पत्र

शाखेत धनादेशांवरील सह्या पडताळताना अलीकडे एक गोष्ट वारंवार जाणवते. खाते उघडताना केलेली नमुना-सही ठसठशीत आणि वळणदार असते. तीच व्यक्ती दहा-बारा वर्षांनी धनादेशावर सही करते तेव्हा अक्षरे अडखळतात, एखादी वेलांटी गळून पडते. ग्राहक खजील होऊन म्हणतात, "काय करणार, हल्ली लिहिणेच होत नाही." त्यांचे म्हणणे खरे आहे. पैसे मोबाइलवरून जातात, अर्ज संगणकावर भरले जातात आणि खुशाली दोन अंगठ्यांनी कळविली जाते. वर्षभरात हाताला जे लिहावे लागते ते बहुधा स्वतःचे नाव, आणि तेही चौकटीत.

या लेखाचा विषय मात्र सही नसून घरचे पत्र हा आहे. ते पत्र आणि ते लिहिण्यासाठी लागणारी शाई, निब व कागद. हा निव्वळ हौशी लोकांचा विषय आहे, असे काही वर्षांपूर्वी मलाही वाटत असे. बदली होऊन मी दिल्लीला आले. आई मिरजेला असते. तिला ऐकू कमी येऊ लागले होते आणि श्रवणयंत्र तिला मानवत नव्हते. एका वर्षी गणपती सप्टेंबरच्या उत्तरार्धात आले. अर्धवार्षिक हिशेबामुळे रजा मिळणार नव्हती, तसे मी तिला फोनवर सांगितले. "हो, हो, बरं," आई म्हणाली. पुढे शेजारच्या काकूंकडून कळले की, गोवा एक्स्प्रेसच्या वेळेला ती दारात उभी होती आणि आत चौघांची अंथरुणे घालून ठेवलेली होती. तिला माझे बोलणे ऐकूच आले नव्हते, आणि तसे म्हणणे तिला अवघड वाटले होते.

त्याच आठवड्यात मी पत्र लिहावयास बसले. बॉलपेनने एक पान होते न होते तोच बोटे दुखू लागली. दोष केवळ सवय मोडल्याचा नव्हता. बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट असते. टोकाची गोळी कागदावर फिरावी म्हणून हाताने दाब द्यावा लागतो. चार ओळींची नोंद करावयास हे साधन उत्तम, पण चार पानांसाठी नव्हे. शाईच्या पेनाला असा दाब लागत नाही. पेनाचे वजन कागदावर टेकले की पुरे. उलट दाब दिला तर निबेचे दोन्ही पाय फाकतात.

हे कसे घडते, ते पाहण्यासारखे आहे. निबेच्या मधोमध एक बारीक चीर असते आणि तिच्याखाली जीभ असते. जिभेवरच्या सूक्ष्म खाचांतून शाई केशाकर्षणाने टोकापर्यंत येते. पण शाई बाहेर पडली की तिच्या जागी हवा आत गेली पाहिजे, अन्यथा प्रवाह थांबतो. आणि हवा एकदम शिरली तर शाईचा ठिपका पडतो. शाई बाहेर व हवा आत, हा व्यवहार सुरळीत चालावा म्हणून एकोणिसाव्या शतकात अनेकांनी खटपट केली. १८८४ मध्ये अमेरिकेत ल्यूइस वॉटरमन यांना मिळालेल्या पेटंटमधील जिभेने तो बऱ्याच अंशी मार्गी लावला. जुने लोक 'पेन ओकले' म्हणत, त्याचेही कारण याच व्यवहारात आहे. ड्रॉपरने भरावयाच्या पेनात शाई कमी उरली की वर हवेचा साठा मोठा होतो. हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून असे पेन पाव भाग उरण्याआधीच पुन्हा भरावे. विमानप्रवासात हवेचा दाब कमी होतो, तेव्हा पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे असावे आणि निब वरच्या बाजूस असावी. दिल्लीच्या मे महिन्यात आणखी एक पथ्य: लू वाहत असताना टोपण काढून विचार करीत बसू नये. दोन मिनिटांत निब कोरडी पडते.

निब कोणती घ्यावी, याविषयी परदेशी माहितीपत्रके मध्यम जाडीची शिफारस करतात. ती रोमन लिपीपुरती ठीक आहे. देवनागरीत मात्र शिरोरेघ, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांची दाटी असते; जाड निबेने 'ष्ट' आणि 'ष्ठ' सारखेच दिसू लागतात. मराठीसाठी बारीक निब बरी. सोन्याचीच निब हवी, असाही एक समज आहे. कागदावर घासणारे टोक सोन्याच्या निबेलाही वेगळ्या, कठीण मिश्रधातूच्या मण्याचे असते. साध्या पोलादी निबेचा मणी नीट घासलेला असेल तर ती तितकीच सुखाने चालते. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कानपूर रायटर्स, म्हणजेच पेनप्रेमींना 'कॅनराइट' या नावाने परिचित असलेला कारखाना आपल्या नोएडातच आहे आणि तो स्वतःच्या निबा घडवितो. एरवी आंध्रात राजमुंद्रीला रत्नम यांची पेने आहेत. त्यांच्या स्वदेशी पेनाबद्दल महात्मा गांधींनी १९३५ मध्ये पत्र लिहून आभार मानले होते.

शाईच्या बाबतीत मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी एक हकीकत आहे. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत गिरगावात शाईची पूड आणि वड्या बनविण्यास प्रारंभ केला. 'हॉर्स' हे तिचे नाव. पुढे फाउंटन पेनासाठी 'कॅमल' शाई आली, आणि कॅमल व इंक या दोन शब्दांच्या संधीतून 'कॅमलिन' जन्मले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला, तरी शाळेतल्या निळ्या बोटांची आठवण त्याच उंटाशी जोडलेली आहे.

निळी शाई सुंदर असते, पण बहुतेक निळ्या शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या असतात. आषाढात कोकणात जाणाऱ्या लिफाफ्यावर अशा शाईने पत्ता लिहिणे म्हणजे पत्र समुद्रात सोडणे. आत शाई आणि वर बॉलपेन, हा नियम मी ठोकर खाऊन शिकले. बँकेतल्या जुन्या खातेवह्या याच कारणासाठी 'ब्लू-ब्लॅक' शाईने लिहीत. त्या जातीच्या शाईत हिराकस आणि मायफळासारख्या वनस्पतींतील तुरट द्रव्य असते. ती लिहिताना फिकट असते आणि हवा लागून कागदाच्या तंतूंतच काळी पडते, म्हणून ती पुसता येत नाही. चित्रकलेची किंवा 'चायनीज' शाई मात्र फाउंटन पेनात कधीही भरू नये. तिच्यातील डिंक-लाखेने जीभ कायमची चोंदते.

येथे आपल्या व्यवसायाशी संबंधित एक सूचना. फाउंटन पेनाने धनादेश लिहिण्यास हरकत नाही, पण शाई पक्की आणि गडद असावी. १ फेब्रुवारी २००८ रोजी धनादेशांच्या प्रतिमांवरून समाशोधन करण्याची सीटीएस पद्धत देशात प्रथम आपल्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच सुरू झाली. आता धनादेशाचा कागद प्रवास करीत नाही, त्याचे चित्र प्रवास करते. फिकट आकाशी किंवा गुलाबी शाई त्या चित्रात नीट उमटत नाही. असे रंग घरच्या पत्रासाठी राखून ठेवावेत.

उत्तम शाई आणि उत्तम निब यांची फजिती करणारा घटक म्हणजे कागद. शाई फुटते, अक्षराला केस येतात, मागच्या पानावर डाग उमटतात, आणि आपण पेनाला दोष देतो. खरे कारण असे, की कागदाला पुरेशी खळ नसते. पूर्वीचे कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, हे नेमके जाणत. सुकलेल्या तावाला ते खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटीत. घोटीव कागदावर बोरू न अडखळता चाले आणि शाई पृष्ठावरच राही. महाराष्ट्रात जुन्नर आणि दौलताबाद ही या कसबाची नावाजलेली ठिकाणे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हे कारागीर महंमद तुघलकाच्या राजधानी-बदलाबरोबर दिल्लीकडून आले, असे परंपरा सांगते. ते खरे असेल तर त्या गाजलेल्या फसलेल्या बदलीतून दख्खनेला एक तरी चांगली गोष्ट मिळाली, असे म्हणावे लागेल. (बदल्यांविषयी अधिक लिहिणे आम्हां अधिकाऱ्यांना शोभणार नाही.)

त्याची परतफेड महाराष्ट्राने सहाशे वर्षांनी केली. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. भारताच्या राज्यघटनेची इंग्रजी प्रत दिल्लीचे प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सुमारे सहा महिने खपून टाकाने लिहिली आणि मानधनाऐवजी प्रत्येक पानावर आपले नाव मागितले, ही गोष्ट आता पुष्कळांना ठाऊक आहे. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांच्या हातची आहे, आणि तिचा कागद पुण्याच्या हातकागद केंद्रात बनलेला आहे, हे तितकेसे ठाऊक नसते. छापखाने उपलब्ध असताना त्या पिढीने देशाचा पायाभूत दस्तऐवज हाताने लिहवून घेतला.

घरच्या पत्रासाठी अर्थात इतका थाट नको. झेरॉक्सचा कागद सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमचा असतो. पत्रासाठी नव्वद ते शंभर ग्रॅमचा, किंचित गुळगुळीत कागद घ्यावा. दुकानात शाईचे पेन घेऊन जावे आणि कोपऱ्यावर 'श्री' लिहून पाहावे. शाई फुटली नाही, मागे उमटली नाही, तर कागद आपला. चावडी बाजार हा लग्नपत्रिकांसाठी प्रसिद्ध असला तरी तेथे सुटे चांगले कागद आणि लिफाफे मिळतात. नई सडकेवर वह्या-पेनांची रांगच आहे. कॅनॉट प्लेसच्या खादी भवनातला हातकागद देखणा असतो, मात्र त्याचे काही प्रकार खरबरीत असल्याने त्यांचे तंतू निबेच्या चिरेत अडकतात. त्यांचे लिफाफे करावेत, पाने नकोत.

दिल्लीहून मराठीत पत्र लिहिणे ही काही नवी गोष्ट नाही. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणे येथील दरबारी होते. त्यांनी मोडी लिपीत पुण्याला धाडलेली पत्रे 'हिंगणे दप्तर' म्हणून भारत इतिहास संशोधक मंडळाने छापली आहेत. बादशाही राजकारणाची उलथापालथ पुण्याला कळे ती अशा कागदांतून. त्या काळातील अनेक राजपत्रांच्या शेवटी 'मोर्तब सुद' असा शिक्का असे. त्यापुढे कोणी काही घुसडू नये, हा त्याचा हेतू. आपण धनादेशावर रकमेपुढे 'फक्त' लिहून रेघ ओढतो, ती या मोर्तबाचीच नात म्हणावयास हरकत नाही. आणि हाताने लिहिण्याकडे आपल्याकडे किती गांभीर्याने पाहत, हे जाणून घ्यावयाचे असेल तर समर्थांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास वाचावा. तो अध्यात्माच्या ग्रंथातला असूनही अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर आणि लेखणी-शाईची निगा यांविषयी आहे.

पत्राच्या मायन्यांना जुनाट म्हणून हसण्याचा प्रघात आहे. मला ते आता फार सोयीचे वाटतात. आईवडिलांना 'तीर्थरूप', त्यांच्या जागी असणाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'चिरंजीव', 'शि. सा. न. वि. वि.' एवढ्या पाच अक्षरांत शिरसाष्टांग नमस्कार घालून मनुष्य थेट विषयावर येतो. काय लिहावे हे न सुचणारी पहिली दोन मिनिटे मायना निभावून नेतो. शेवटचा 'ता. क.' तर पत्राचा गाभाच असतो. साऱ्या पानभर हवापाणी आणि भाजीचे भाव लिहून मनात अडलेली गोष्ट माणूस सही झाल्यावर लिहितो. जी. ए. कुलकर्णींची पत्रे किंवा साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' वाचणाऱ्यांना हे सांगावयास नको, की पत्रात माणूस बोलण्यापेक्षा वेगळा, पुष्कळदा अधिक मोकळा असतो.

माझ्या आईच्या बाबतीत ते शब्दशः घडले. फोनवर 'हो, हो, बरं' यापलीकडे न जाणारी आई तिसऱ्या पत्रापासून प्रश्न विचारू लागली. नातवाच्या शाळेविषयी, माझ्या रक्तदाबाविषयी. आणि एकदा, वडिलांच्या पश्चात घर ठेवावे की विकावे, याविषयी दोन पाने. हे सारे फोनवर तिने कधीही काढले नसते. सुरुवातीला ती दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत असे. दिवाळीत मी तिला एक साधे पेन आणि शंभर ग्रॅमच्या कागदाचे पॅड दिले. पॅड तिने जपून कपाटात ठेवले. पेन मात्र वापरते. दर महिन्याला गोल डाकखान्याच्या पेटीत माझा एक लिफाफा पडतो आणि आठ-दहा दिवसांनी उत्तर येते. गेल्या पत्राच्या तळाशी सहीनंतर एक ओळ होती: "ता. क. येताना शाई काळी आण. निळी आता मला दिसत नाही, पण तुला लिहून काय सांगायचं म्हणून दोन पत्रं तशीच लिहिली."