तळणीचं तेल आणि घाटातली जीप

वड्याच्या कढईत उरलेलं तेल जीपच्या टाकीत ओतलं तर जीप चालेल का? चालेल. चढावरही चालेल, धुराला भज्यांचा वास येईल, आणि ओतणाऱ्याला दोन-चार दिवस आपण फार मोठा शोध लावल्यासारखं वाटेल. खरी चौकशी करायची ती जीप किती दिवस चालेल आणि बंद पडेल तेव्हा नेमकी कुठे पडेल याची. जव्हारहून मोखाडा, तिथून तोरंगण घाट चढून त्र्यंबक आणि पुढे नाशिक असा जिचा रस्ता आहे, तिच्या चालकाला ही चौकशी आधीच केलेली बरी.

जीप चालते याचं कारण डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनात नुसती हवा इतकी दाबतात की ती लालबुंद तव्यासारखी तापते, आणि त्या हवेत नोझलमधून इंधनाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. फवारा कशाचा आहे याची हवेला पर्वा नसते. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवलं होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगावर इंजिनं चालतील का, हे फ्रेंच सरकारला पाहायचं होतं. पुढे १९१२मध्ये रुडॉल्फ डिझेलनं हा प्रसंग सांगितला आणि तो सांगता सांगता वनस्पती तेलाला भविष्य आहे असंही म्हणून ठेवलं. तेव्हापासून दर पिढीत कुणीतरी कढईकडे आशेनं बघतंच.

हवेला पर्वा नसली तरी नोझलला असते. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा घट्टपणा साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक भरतो. खाद्यतेलाचा भरतो ३५ ते ४०, म्हणजे दसपट. आकडा विसरलात तरी चालेल. बाटली तिरकी करून दोन्ही ओतून बघा, डोळ्यांना दिसतं. पातळ डिझेलचा नोझलमधून धुक्यासारखा फवारा होतो. घट्ट तेलाचे मोठे थेंब पडतात, आणि मोठा थेंब वेळेत पुरता जळत नाही. अर्धवट जळालेलं तेल नोझलच्या तोंडाशी काजळी धरतं, पिस्टनच्या रिंगा चिकटवतं, आणि उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. तिथं ते कालांतरानं चिकासारखं घट्ट होतं. ऑइल वाहीनासं झालं की बेअरिंग कोरडी पडतात. तोवर जीप छान चाललेली असते, म्हणून दोष तेलाचा आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

जुन्या कमांडर जीपमध्ये हे दुखणं सावकाश वाढायचं. त्या जीपमधल्या प्यूजो इंजिनात इंधन थेट पिस्टनवर पडत नसे. आधी एका छोट्या कोठडीत पेटून मग बाहेर यायचं. नोझलचा दाबही शे-दीडशे बारच्या घरातला. अशा इंजिनाला जाडंभरडं चालून जायचं. आताच्या पिकअपमध्ये कॉमन रेल आहे. तिथं दाब १६०० बारच्या वर जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या सुट्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. कढईच्या तळाचा बेसनाचा एक कण तिथं दगड ठरतो. बॉशचा नोझल आणि इंजेक्टर बनवणारा कारखाना नाशिकला सातपुरात आहे. त्याला अजूनही लोक ‘मायको’ म्हणतात, चौकाचं नावही मायको सर्कल. घाटाच्या वरच्या टोकाला हे सगळं इतकं बारीक काम चालतं आणि खालच्या टोकाला आपण त्यात वड्याचं तेल ओतायचा विचार करतो, याची मला गंमत वाटते.

युरोपात काहींनी यावर तोडगा काढला तो दोन टाक्यांचा. गाडी डिझेलवर सुरू करायची. रेडिएटरच्या गरम पाण्यानं तेलाची टाकी तापवायची. तेल ७०-८० अंशांवर गेलं की ते पातळ होतं, मग कॉक फिरवून तेलावर जायचं. थांबण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेलवर यायचं, म्हणजे पंपात तेल थिजत नाही. लांब पल्ल्याला हे जमतं. जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर, जिथं दर पाड्याला प्रवासी उतरतात आणि चढतात, तिथं चालकाला दिवसभर कॉकच फिरवत बसावं लागेल. आपल्याकडचा तोडगा म्हणजे तेलात रॉकेल मिसळणं. तेल पातळ होतं खरं, पण काजळी धरणारं तेल तसंच आत राहतं, आणि शिवाय ती भेसळ होते.

म्हणजे तेल गरम करून किंवा पातळ करून भागत नाही. तेलाचा रेणूच बदलावा लागतो.

तेलाचा रेणू म्हणजे तीन दातांचं दाताळं समजा. दांडा ग्लिसरीनचा, दात तीन लांब मेदाम्लांचे. असली दाताळी एकमेकांत अडकतात, म्हणून तेल घट्ट. दात सुटे करून प्रत्येक दाताच्या बुडाशी मिथेनॉलची एक छोटी टोपी बसवली की उरतात सुट्या, हलक्या, तेलाच्या रेणूच्या एक-तृतीयांश वजनाच्या काड्या. त्या म्हणजे बायोडिझेल. घट्टपणा उतरून ३.५ ते ५ सेंटिस्टोकवर येतो; आपल्या आयएस १५६०७ या मानकानं नेमकी हीच मर्यादा घातली आहे. दांडे म्हणजे ग्लिसरीन जड असतं, ते तळाला बसतं. हिशेबही लक्षात राहण्यासारखा आहे: १०० किलो तेल आणि साधारण ११ किलो मिथेनॉल घातलं की १०० किलो बायोडिझेल आणि ११ किलोच्या आसपास ग्लिसरीन निघतं.

प्रत्यक्षात मिथेनॉल जास्तच घालतात, लिटरभर तेलाला २०० मिलिलिटर, म्हणजे दात सुटे होण्याची क्रिया अर्ध्यावर थांबत नाही. दात तोडायचं काम कॉस्टिक सोडा करतो. ताज्या तेलाच्या लिटरला साडेतीन ग्रॅम पुरतो. तेल आधी गाळायचं, मग शंभर अंशांच्या वर तापवून त्यातलं पाणी उडवायचं, निवून ते ५५ अंशांवर आलं की सोडा विरघळवलेलं मिथेनॉल त्यात घालून तासभर ढवळायचं. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, म्हणून भांडं बंद हवं आणि ताप मोजून. मग रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी वर मधाच्या रंगाचा थर, खाली काळपट चिकट ग्लिसरीन.

वापरलेल्या तेलाची अडचण नेमकी इथं येते. वडा तेलात पडला की बटाट्यातल्या पाण्याची वाफ होते, तिनं काही दात आधीच तुटून सुटे झालेले असतात. त्यांना मुक्त मेदाम्लं म्हणतात. शिवाय हवा आणि आच यांनी काही दाताळी एकमेकांना कायमची जोडली जातात. तेल काळं पडणं, फेस येणं, चिकट होणं हे त्याचंच. सुट्या दाताला मिथेनॉलआधी कॉस्टिक सोडा भेटतो आणि साबण तयार होतो. म्हणून आधी तपासणी: थोडं तेल अल्कोहोलमध्ये घेऊन शाळेत वापरतात ते फिनॉल्फ्थॅलीन घालायचं आणि सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडत गुलाबी रंग येईपर्यंत मोजायचं. जितका सोडा आम्लानं गिळला तितका साडेतीन ग्रॅमवर वाढवायचा. आम्ल फारच असेल तर सोड्याआधी सल्फ्युरिक आम्लाची एक वेगळी पायरी लागते. मोजण्याचा कंटाळा केला तर पिंपभर साबण हाती येतो, आणि तोही धड धुण्याच्या कामाचा नाही.

वरचा थर धुवावा लागतो, पाणी घालून, तीन-चार वेळा, सोडा आणि साबण निघून जाईपर्यंत. मग पुन्हा तापवून पाणी उडवायचं. पाणी राहिलं तर पंपात गंज आणि टाकीत जंतूंची शेवाळी. पावसाळ्यात जव्हारच्या हवेत हे सुकवणं किती जिकिरीचं आहे ते तिथं कपडे वाळत घातलेल्यांना विचारा. पक्कं झालं की नाही हे पाहायची एक साधी चाचणी आहे: तीन मिलिलिटर बायोडिझेल सत्तावीस मिलिलिटर मिथेनॉलमध्ये घालून हलवायचं. सगळं विरघळलं तर ठीक. तळाला तेलाचा थेंब बसला तर काही दाताळी अजून शाबूत आहेत.

हे घरच्या ओट्यावर करायचं काम नाही, आणि त्याचं मुख्य कारण मिथेनॉल. ते ११ अंशांवरच पेट घेणारी वाफ सोडतं, ज्वाळा दिसतही नाही, आणि पोटात गेलं तर आधी डोळे नेतं. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरहून जास्त माणसं गेली. जिथं मोहाची दारू घरोघरी ओळखीची आहे, तिथं वासानं फारसा फरक न कळणारा असा कॅन पडवीत ठेवणं मला भयंकर वाटतं.

बायोडिझेलचे स्वतःचे नखरेही आहेत. ते जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या काही दिवसांत डिझेल फिल्टर भराभर चोंदतो. जुने रबरी पाइप फुगतात. लिटरमागे ताकद डिझेलपेक्षा आठ-नऊ टक्के कमी. आणि आपल्याकडे तळणीला बहुतेक पामोलिन वापरतात. पामतेलाचं बायोडिझेल थंडीत ढगाळतं. डिसेंबरच्या पहाटे जव्हारच्या उंचीवर ते निखळ वापरलं तर पहिली फेरी धक्क्यानं सुरू करावी लागेल. डिझेलमध्ये थोडं मिसळलं तर यातलं बहुतेक काही जाणवत नाही. बीएस-६ डिझेलच्या मानकात सात टक्क्यांपर्यंत मिश्रणाला मुभा आहे ती म्हणूनच.

आता दुसरं तेल. गॅरेजात ‘वाया गेलेलं तेल’ म्हटलं की वड्याचं कुणाच्या मनात येत नाही. तिथं ते ‘जळकं ऑइल’, म्हणजे इंजिनातून काढलेलं. ते डिझेलमध्ये मिसळून जाळणारे आहेत. या तेलाला वरची कुठलीच क्रिया लागू पडत नाही, कारण ते दाताळ्यांचं बनलेलंच नाही. ते खनिज तेल आहे, त्यात झीज होऊन आलेली धातूची पूड, काजळी आणि ऑइलच्या औषधांतलं जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस असतं. कापडानं गाळून कण जातील, विरघळलेलं जात नाही. जळल्यावर त्याची राख होते. ती व्हॉल्व्हवर बसते आणि नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधली धूर गाळणारी जाळी कायमची बुजवते. २०१६च्या घातक कचरा नियमांप्रमाणे हे ऑइल नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. तो निर्वात दाबाखाली ऊर्ध्वपातन करून त्यातून पुन्हा वंगणाचं तेल काढतो. प्रत्यक्षात खेड्यात ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, आणि उरलं की ओढ्यात. मोखाड्यात एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी बायका डोंगर उतरतात. त्या ओढ्याकाठच्या झऱ्यात ही तवंगाची रंगीत साय दिसली की मग कुणाला विचारायचं?

पुन्हा कढईकडे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८पासून तळणीच्या तेलातल्या ‘ध्रुवीय संयुगां’ची मर्यादा २५ टक्के ठरवली, त्यापुढे तेल खाण्यात चालत नाही. ते गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची ‘रुको’ योजना त्याच वर्षीची. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यानं हिशेब ठेवून ते अधिकृत संकलकाला द्यायचं असतं. मनोर-चारोटीच्या पट्ट्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांना हे लागू पडू शकेल. जव्हारच्या स्टँडवरच्या गाड्याला पडणार नाही. तिथं कढई रिकामीच होत नाही, रोज वरून तेल पडतं आणि काळं तेल वड्यांतूनच संपतं.

तरी हिशेब मांडू. जव्हार-नाशिक साधारण ८० किलोमीटर. जाऊन-येऊन १६०, लिटरला १२ धरले तर तेरा-चौदा लिटर. एका गाड्यानं रोज लिटरभर तेल बाजूला काढलं असं उदारपणे मानलं तरी एका जीपच्या एका फेरीला तेरा-चौदा गाडे लागतात. ज्या तालुक्यात १९९२मध्ये वावर-वांगणीच्या पाड्यांवर मुलं कुपोषणानं गेली, जिथं अजूनही घरात तेल पावशेरानं येतं, तिथं तेल ‘वाया जातं’ हा शब्दप्रयोगच मला शहरी वाटतो.

मग इथल्या बिया, खुरासणी आणि मोह? खुरासणीचं तेल खाण्याचं, डिझेलहून महाग. ते जाळायचं नाही. मोहाच्या बियांचं तेल थंडीत लोण्यासारखं गोठतं आणि बिया साठवल्या की त्यातली आम्लं भराभर वाढतात. करंज उरतो. ओडिशात किंचिलिंगी नावाच्या छोट्या आदिवासी गावात ग्रामविकास ही संस्था आणि एका कॅनडियन गटानं करंज आणि मोहासारख्या बियांपासून पायडलवर फिरणाऱ्या भांड्यात बायोडिझेल केलं होतं, एका वेळी वीस लिटरच्या आसपास. ते त्यांनी जीपमध्ये घातलं नाही. विहिरीचा पंप चालवला.