आगाऊ पैसे आणि दिलेला शब्द : पर्यटन कंपनी बुडते तेव्हा

मागच्या व्याख्यानात आपण ‘वचन’ या कल्पनेचा विचार केला. ते संपल्यावर एका बाईंनी मला गाठलं आणि विचारलं, “सर, युरोप टूरचे पैसे भरले आणि कंपनीच बुडाली, तर तुमच्या या वचनाचं काय करायचं?” प्रश्न रोकडा होता. म्हणून आजचा वेळ त्यासाठी.

डेव्हिड ह्यूमनं दोन शेतकऱ्यांचा दाखला दिला आहे. एकाचं पीक आज कापणीला आलंय, दुसऱ्याचं उद्या येणार. दुसऱ्यानं आज मदत केली, तर उद्या पहिला त्याच्या शेतात येईलच याची खात्री काय? सहलीचे पैसे आगाऊ भरणारा माणूस हा असा आधी राबणारा शेतकरी असतो. त्याला वाटतं, आपण सहल विकत घेतली. प्रत्यक्षात त्यानं कंपनीला बिनव्याजी, बिनतारण पैसे दिलेले असतात. दुकानात ग्राहक म्हणून गेला आणि धनको होऊन बाहेर आला! कंपनी बुडाल्यावर पहिला प्रश्न म्हणूनच हा : आपले पैसे आत्ता आहेत कुणाकडे?

एक मोठं उदाहरण घेऊ. थॉमस कुक या गृहस्थानं ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लाफबरोला सुमारे ५०० माणसं रेल्वेनं नेली, दारूबंदीच्या सभेसाठी, माणशी एक शिलिंग घेऊन. त्यातून वाढलेली ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे बंद पडली. (आपल्याकडची त्याच नावाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची होती, ती बुडाली नाही.) त्या दिवशी दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. कंपनीकडून येणं राहिलं म्हणून ट्युनिशियातल्या एका हॉटेलानं तर आदल्या शनिवारीच पाहुण्यांकडे पुन्हा पैसे मागितले होते.

तरी दोन आठवड्यांत जवळपास सगळे घरी पोचले. ते कसं? १९७४च्या ऐन उन्हाळ्यात कोर्ट लाइन ही कंपनी बुडाली, तेव्हा ब्रिटननं धडा घेतला आणि एक राखीव निधी उभा केला. आजच्या ‘अ‍ॅटॉल’ योजनेत विमानासह पॅकेज विकणारी कंपनी माणशी अडीच पौंड निधीत भरते. कंपनी बुडाली तर न झालेल्या सहलीचे पैसे त्यातून परत मिळतात, अडकलेल्यांना परत आणलं जातं. शिवाय १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीला, पैसे क्रेडिट कार्डानं भरले असतील तर, कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते. म्हणजे एकाच्या शब्दावरचा भरवसा सगळ्यांनी मिळून वाटून घेतला.

आपल्याकडे असा निधी नाही. मग करायचं काय?

समजा, तुम्ही सहलीवरच आहात. सगळ्यात आधी परतीचं तिकीट बघा. पीएनआर क्रमांक विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर टाका. तिकीट खरोखर निघालेलं असेल, तर पैसे एजंटाकडून पुढे गेलेत आणि तुमचं नातं आता विमान कंपनीशी आहे. घाबरून ते रद्द करू नका. हॉटेलवाल्यानं पुन्हा पैसे मागितले आणि द्यावेच लागले, तर कार्डानं द्या, पावती घ्या, ‘हरकत नोंदवून दिले’ असं लिहून ठेवा. तोही बहुधा फसलेलाच असतो, बरं का.

सहल अजून व्हायची असेल आणि पैसे कार्डानं भरले असतील, तर त्याच आठवड्यात बँकेला लेखी कळवा : सेवा मिळाली नाही, रक्कम उलटवा. याला ‘चार्जबॅक’ म्हणतात आणि त्याला मुदत असते. प्रवास विमा असेल तर पॉलिसी वाचा. एजंट बुडाल्याची भरपाई त्यात स्पष्ट लिहिली असेल तरच मिळेल.

मग ग्राहक आयोग. १९१५ या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही.

पण कंपनी दिवाळखोरीत गेली, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं अर्ज दाखल करून घेतला, की तिच्याविरुद्धचे इतर दावे थांबतात. तेव्हा रस्ता एकच : नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पुराव्यांसह आपला दावा नोंदवणं. त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते आणि पहिली मुदत नेमणुकीपासून १४ दिवसांची असते. रांगेत बँका आणि कामगार आपल्या पुढे असतात, हेही खरं. एजंट कंपनी नसून एकट्याचा किंवा भागीदारीचा धंदा असेल, तर मालकाची खासगी मालमत्ताही देण्याला बांधील असते. आणि पैसे घेतानाच सहल न्यायची नव्हती असं दिसत असेल, तर ती फसवणूक, पोलिसांकडे जा. धंदा बुडणं आणि लुबाडणं यांत फरक आहे. काउंटरवरच्या ज्या मुलीवर आपण ओरडतो, तिचाही पगार थकलेला असतो.

यापुढे बुकिंग करताना सगळी रक्कम एकदम भरू नका. रोख देऊ नका. करार कोणत्या नावाशी आहे ते पावतीवर बघा. सहलीच्या आधी तिकीट आणि हॉटेल स्वतः पडताळा.

शेवटचं सांगतो. निवृत्तीच्या पैशातून एकदाच जग बघायला निघालेली माणसं फसली की गप्प बसतात. मुलांना सांगत नाहीत. ‘आपलंच चुकलं’ म्हणतात. त्या गप्प बसण्यात ते १४ दिवस निघून जातात. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं हा गुन्हा नव्हे. त्याशिवाय समाज चालत नाही. शब्द मोडला त्यानं लाजायचं. आपण पावत्या गोळा करायच्या आणि त्याच दिवशी घरात सांगायचं.

आता प्रश्न घेऊ.