देणगी, वर्गणी आणि हिशेब

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा दानधर्माच्या विषयावर मी शास्त्राधार देऊन बोलेन, अशी अपेक्षा आपण करू नये. पण तीस वर्षे पावतीपुस्तक काखेत मारून लोकांपुढे हात पसरलेला माणूस म्हणून काही गोष्टी सांगण्याचा मला अधिकार आहे असे वाटते.

दूरच्या खेड्यात शाळा नाही, दवाखाना नाही. त्यासाठी शहरात निधी जमवायचा. ते खेडे सह्याद्रीच्या कुशीतले असो, भामरागडच्या जंगलातले असो की आफ्रिकेतले असो, प्रश्न तेच राहतात. पैसा कोणी द्यावा? कशासाठी द्यावा? आणि हिशेब कोणी कोणाला द्यावा? पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. तिसऱ्याची फारशी होत नाही, आणि माझ्या मते सारे मर्म तिसऱ्यातच आहे.

आफ्रिकेचे नाव काढले की आपल्याला वाटते, आपण देणारे आणि ते घेणारे. पण एके काळी पुणेच झोळी घेऊन आफ्रिकेत गेले होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. त्या विद्यापीठाची माहिती सांगण्यासाठी आणि त्याच्यासाठी मदत मिळवण्यासाठी १९३० च्या डिसेंबरात अण्णा आफ्रिकेला निघाले. वय बहात्तर. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा सुमारे सव्वा वर्षाचा तो प्रवास. तिथे स्थायिक झालेल्या हिंदी लोकांपुढे अण्णांनी आपले मागणे ठेवले. आता विचार करा. तिथल्या आपल्या दुकानदाराच्या गल्ल्यातला पैसा कुठून आला? त्याच्याकडून कापड आणि मीठ नेणाऱ्या आफ्रिकी शेतकऱ्याकडून आला. त्या शेतकऱ्याच्या मुलीला शाळा होती की नाही, हे त्या काळी कोण विचारीत होते? म्हणून आफ्रिकेतल्या शाळेसाठी कोणी आपल्या दारी आले, तर आपण उपकार करीत आहोत असे समजू नये. जुने देणे थोडेसे फेडतो आहोत असे समजावे.

निधी तीन वाटांनी येतो. पहिली वाट मोठ्या देणगीची. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले. त्या काळचे पंधरा लाख! विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले, आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. हजारो मुली शिकल्या. मी त्या देणगीला नावे ठेवीत नाही. एवढेच दाखवतो की मोठी देणगी एकटी येत नाही. बरोबर नाव आणते, अटी आणते. त्या पाहूनच ती घ्यावी.

दुसरी वाट दूरच्या, मध्यम परिस्थितीच्या हितचिंतकांची. अण्णांनी ही वाट आयुष्यभर तुडवली. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोचली नव्हती तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि आपल्या तुटपुंज्या पेन्शनीतला वाटा त्यात घातला. मागणाऱ्याने आधी आपल्या खिशात हात घालावा, हा धडा त्यात आहे. आम्ही युनियनवाले नव्या कार्यकर्त्याला हेच सांगतो: पहिली पावती स्वतःच्या नावाची फाड.

तिसरी वाट सगळ्यांत अवघड. ज्यांच्यासाठी शाळा, त्यांनीच मूठ उघडायची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, हे आपण जाणताच. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो मुष्टिफंड. घरातल्या बाईने दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते बोर्डिंगला द्यायचे. बाजारात त्या मुठीची किंमत काय? काहीच नाही. पण मूठ देणारी बाई दुसऱ्या दिवशी विचारू शकते, ‘आमच्या बोर्डिंगात पोरं किती? जेवतात काय?’ ‘आमच्या’ हा शब्द त्या मुठीने विकत घेतला. म्हणूनच १९४८ साली सरकारी अनुदान बंद पडले तेव्हा भाऊराव खेडोपाडी लोकांकडे जाऊ शकले, गाडगेबाबांनी संस्थेसाठी शब्द टाकला, संस्था तगली आणि अनुदान पुढे पुन्हा सुरू झाले. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी रक्कम देऊ करणाऱ्याला भाऊरावांनी ठाम नकार दिला, असे सांगतात. तो नकार देण्याचे बळ माझ्या मते त्या मुठीतूनच आले होते.

हाच प्रयोग आफ्रिकेतही झाला. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला तेव्हा जोमो केन्याटा यांनी लोकांना ‘हरांबे’ हा शब्द दिला. अर्थ असा की सगळ्यांनी मिळून ओढायचे. आपले हमाल ओझे उचलताना ‘जोर लगाके हैशा’ म्हणतात, त्याच जातीचा शब्द. गावकऱ्यांनी पैसे घातले, विटा पाडल्या, अंगमेहनत केली. शेकडो माध्यमिक शाळा आणि कितीतरी दवाखाने उभे राहिले. पण दोन रोग जडले. इमारत झाली तरी मास्तर नाही, दवाखाना झाला तरी औषध नाही. कारण भिंत एकदा बांधली की संपते, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. दुसरा रोग असा की पुढारी मंडळी हरांबेच्या सभेत नोटांची बंडले टाकून मते गोळा करू लागली. अखेर २००३ साली सरकारी पदावरच्या माणसांनी असे फंड गोळा करण्यावर कायद्याने बंधन घालावे लागले. वर्गणीला देणगीचा वास लागला की असे होते.

पहिल्या रोगाचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या युनियनने एका डोंगराळ तालुक्यातल्या गावासाठी एका दिवसाचा पगार गोळा केला. दवाखान्याच्या दोन खोल्या बांधल्या, फीत कापली, फोटो काढले. वर्षाने गेलो तो एका खोलीत पेंढा आणि दुसरीला कुलूप. एक म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, “दादा, दवाखाना लई झ्याक हाय. पन त्यो उघडतो कवा?” मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. चूक गावाची नव्हती. खोल्या किती, कुठे, कशाला, हे आम्ही शहरात बसून ठरवले होते. गावाला आम्ही एकच गोष्ट विचारली होती: समारंभाला किती माणसे येतील?

पुढच्या खेपेस आम्ही देवळात बसून गावाचे ऐकून घेतले. त्यांना आधी हवी होती बाळंतपणाच्या वेळी जवळ असणारी नर्सबाई. तिच्या पगारातला निम्मा वाटा आम्ही दरमहा द्यावा आणि निम्मा गावाने भात-नाचणी घालून उभा करावा, असे ठरले. कुलपाची किल्ली आणि वही दोन बायकांकडे दिली. दर अमावास्येला वही मोठ्याने वाचायची. पहिल्या वाचनात आमच्याच एका कार्यकर्त्याच्या प्रवासखर्चावर बोट ठेवले गेले. तो रागावला. मी मात्र त्या दिवशी निश्चिंत झालो. ज्या गावाने आम्हाला जाब विचारला, त्या गावाचा दवाखाना आता बंद पडणार नव्हता.

ऐकून घेण्याला वेळ लागतो. हेमलकशाला २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहू लागले, तेव्हा माडिया लोक सुरुवातीला जवळही येत नसत. डॉक्टरांनी आधी त्यांची भाषा शिकली. स्विस एड या परदेशी संस्थेच्या मदतीने दवाखान्याची इमारत पुढे झाली, शाळा १९७६ साली सुरू झाली. आधी ओळख, मग इमारत. आम्ही उलटे केले होते.

आता कायद्याविषयी थोडे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने प्रत्येक सभासदाला युनियनच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क दिला होता. तो हक्क साध्या झाडूवाल्यालाही होता आणि आमच्यासारख्या पुढाऱ्यांना त्याचा धाक असे. धर्मादाय संस्थांसाठी आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयाकडे द्यावे लागतात. हे चांगलेच आहे. पण तो हिशेब वरच्या दिशेने जातो, सरकारकडे आणि दात्याकडे. ज्या आजीच्या नावाने पैसा गोळा झाला तिच्याकडे तो आपोआप जात नाही. तो तिच्याकडे जावा यासाठी आपणच आग्रह धरला पाहिजे.

तेव्हा पावतीपुस्तक घेऊन कोणी दारी आले तर त्याला हाकलू नका आणि लगेच पाकीटही काढू नका. त्याला बसवा, चहा द्या आणि चार गोष्टी विचारा. तू स्वतः किती घातलेस? गावाने काय घातले? इमारत झाल्यावर पगार कोण देणार? आणि हिशेबाची वही गावात कोण वाचते? उत्तरे मिळाली तर जमेल तेवढे द्या, पण दरवर्षी द्या. एकदाच दिलेल्या हजारापेक्षा दरमहा न चुकता येणारे शंभर त्या नर्सबाईला अधिक उपयोगी पडतात. आमच्या त्या गावातली नर्सबाई पुढे निवृत्त झाली, दुसरी आली. वही अजून अमावास्येला वाचली जाते आणि तिच्यात आमच्या युनियनचे नाव गावातल्या इतर घरांच्या नावांमध्ये, त्यांच्याच अक्षराएवढ्या अक्षरात लिहिलेले असते.