वैद्यकीय लेखाची संदर्भसूची

साहित्याच्या नियतकालिकात वैद्यकीय लेखांच्या संदर्भसूचीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आमच्या फ्रीगंजातील मराठी घरांतून मिळते. शाळेतून बाहेर पडलेले आमचे काही विद्यार्थी डॉक्टर झाले आहेत, आणि पदव्युत्तर अभ्यासास लागल्यावर आपले शोधलेख भाषेच्या तपासणीसाठी ते जुन्या शिक्षकांकडे आणतात. वाक्ये दुरुस्त करण्यास तास-दोन तास पुरतात. लेखाच्या शेवटी जोडलेली पंचवीस-तीस संदर्भांची यादी मात्र सारी संध्याकाळ घेते. पूर्णविराम कोठे, अर्धविराम कोठे, नाव आधी की आडनाव, ही सारी कारकुनी आहे असे या तरुणांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

पूर्वसूरींचा निर्देश करण्याची चाल आपल्या वैद्यकास नवी नाही. सुश्रुतसंहितेवर ‘निबंधसंग्रह’ ही टीका लिहिणारा डल्हण आपल्या आधीच्या जेज्जट, गयदास इत्यादी टीकाकारांची नावे घेऊन त्यांची मते सांगतो. त्या काळी नाव सांगितले की भागत असे. ग्रंथ गुरूच्या घरी असे किंवा शिष्यास मुखोद्गत असे. परंतु पोथ्यांचा मोठा संग्रह झाला की नुसते नाव अपुरे पडते. आमच्या गावच्या सिंधिया प्राच्यविद्या प्रतिष्ठानासारख्या संग्रहातील पोथीचा हवाला द्यावयाचा तर पोथीचा क्रमांक, पानाचा क्रमांक आणि पानाची कोणती बाजू हेही सांगावे लागते. वैद्यकीय नियतकालिकांचा आजचा संग्रह तर अशा हजारो भांडारांएवढा आहे.

एक खरा संदर्भ घेऊन त्याची फोड करू. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम तपासून लेख लिहिला. यादीत तो असा येईल : वकील आर जे. अ क्लिनिकल ट्रायल ऑफ राउवुल्फिया सर्पेंटिना इन इसेन्शियल हायपरटेन्शन. ब्रि हार्ट ज. १९४९;११:३५०-५. प्रथम आडनाव, मग आद्याक्षरे, त्यांच्यात टिंबे नाहीत. मग लेखाचे पूर्ण शीर्षक. त्यानंतर नियतकालिकाचे ठरीव संक्षिप्त नाव. येथे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’. हा संक्षेप लेखकाने मनाने करावयाचा नसतो, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ठरवलेला असतो तोच घ्यावयाचा. पुढे वर्ष, अर्धविराम, खंड, विसर्गचिन्ह, आणि पृष्ठे. ‘३५०-५’ म्हणजे ३५० ते ३५५. पुन्हा येणारे अंक गाळतात.

या एका ओळीच्या आधारे जगाच्या कोणत्याही ग्रंथालयात तो लेख हाती येतो. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वकिलांचा लेख वाचला आणि तेच औषध आपल्या रुग्णांना देऊन पाहिले. १९५२ साली त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले. मुंबईत एका डॉक्टराने काय पाहिले, हे बोस्टनच्या डॉक्टराला मूळ लेख उघडून पडताळता आले. संदर्भाचे काम एवढेच. पण तेवढे झाले नाही तर दुसऱ्याचे म्हणणे ऐकीव राहते.

पूर्वी प्रत्येक नियतकालिकाचा थाट निराळा असे. एकाने लेख परत केला की दुसऱ्याकडे धाडण्यापूर्वी सारी यादी टंकलेखन यंत्रावर पुन्हा उतरवावी लागे. ही दगदग वाचवण्यासाठी १९७८ साली काही वैद्यकीय संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले, आणि त्यांनी ठरवलेले समान नियम पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्या शहराचेच नाव पद्धतीस पडले. मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने प्रथम येतात त्या क्रमाने त्यांस १, २, ३ असे आकडे द्यावयाचे. तोच संदर्भ पुन्हा आला तर त्याचा जुनाच आकडा लिहावयाचा. सहापर्यंत लेखक असतील तर सर्वांची नावे. अधिक असतील तर बहुधा पहिली सहा देऊन पुढे ‘व इतर’ या अर्थाचे लॅटिन रूप. काही नियतकालिके तीनवरच थांबतात, म्हणून लेख जेथे धाडावयाचा तेथील सूचना आधी वाचाव्या. दुसरी पद्धत कंसात लेखकाचे नाव व वर्ष देण्याची. साहित्याच्या व इतिहासाच्या लेखनास आम्हांस तीच अधिक शोभते असे वाटते, कारण कोण बोलतो आहे हे वाचकास तेथल्या तेथे कळते. वैद्यकात मात्र एकेका वाक्यास पाच-पाच आधार लागतात. तेथे आकडेच सुटसुटीत.

नावांच्या बाबतीत आपली माणसे हमखास अडखळतात. आपले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही मराठी रीत या पद्धतीत बेमालूम बसते. पण दाक्षिणात्य लेखकाच्या नावात पुष्कळदा आडनावच नसते, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या लेखिकेचे दोन लेख दोन निराळ्या व्यक्तींचे ठरतात. छापील लेखावर नाव जसे असेल तसेच ते घ्यावे. ‘डॉक्टर’, ‘प्राध्यापक’, ‘कैलासवासी’ या उपाध्या यादीत चालत नाहीत. आपल्या गुरूचे नाव ‘सर’ न जोडता उघडे लिहिताना आमच्या एका विद्यार्थ्याचा हात अडला होता!

विरामचिन्हांच्या चुका संपादक सुधारतो. न वाचता दिलेला संदर्भ त्यास सहसा पकडता येत नाही. १९८० सालच्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र आले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन जडल्याची पक्की नोंद चौघांचीच आढळली, एवढेच त्यात होते. पुढे २०१७ साली त्याच नियतकालिकात या पत्राच्या संदर्भांची मोजदाद प्रसिद्ध झाली. ६०८ ठिकाणी ते उद्धृत झाले होते. त्यांपैकी ४३९ ठिकाणी व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून, आणि हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट ४९१ ठिकाणी सांगितलीच नव्हती. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या माणसाविषयी ते पत्र काहीच सांगत नव्हते. त्या ६०८ पैकी कित्येकांच्या याद्यांत खंड, पृष्ठ, वर्ष सारे बिनचूक असेल. अमेरिकेत या औषधांनी पुढे किती घरे उद्ध्वस्त केली, हे वाचकांस ठाऊक आहे.

म्हणून दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलण्याची सवय आम्ही विद्यार्थ्यांस लागू देत नाही. यादी जुळवून देणाऱ्या संगणकीय प्रणाली आता सर्वांजवळ आहेत. मध्येच एक संदर्भ घातला तर पुढचे सारे आकडे त्या आपोआप बदलतात, ही मोठीच सोय. परंतु आत चुकीचे नाव घातले तर ते सुबक होऊन बाहेर येते. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे तर कधी कधी मुळात नसलेल्या लेखाचाही खंड आणि पृष्ठ सांगतात. लेख मागे घेतला गेला आहे काय, हेही पाहावे. एखाद्या ज्येष्ठ डॉक्टराने तोंडी सांगितलेली गोष्ट यादीत घालू नये. ती त्यांच्या लेखी संमतीने मजकुरातच कंसात नोंदवावी.

राहिला मराठी ग्रंथांचा प्रश्न. आरोग्यविषयक मराठी पुस्तकाचा आधार इंग्रजी लेखात घेतला तर नाव रोमन लिपीत उतरवून पुढे चौकोनी कंसात त्याचे भाषांतर द्यावे आणि शेवटी भाषा मराठी असल्याचे लिहावे. नुसते भाषांतरच दिले तर त्या नावाचे पुस्तक कोणत्याच ग्रंथालयात सापडावयाचे नाही. लिप्यंतरात उज्जैनच्या मुलांची एक खास अडचण आहे. ‘ज्ञ’चा उच्चार ते शाळेत हिंदीप्रमाणे ‘ग्य’ करतात आणि घरी मराठीप्रमाणे ‘द्न्य’. त्यामुळे एकाच ग्रंथाचे नाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिले जाते आणि सूचीत दोन ठिकाणी विखुरते. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागील पानावर प्रकाशकाने रोमन रूप छापले असेल तर तेच घ्यावे; नसेल तर मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीतील रूप शोधून यादीभर तेच ठेवावे.